जुना ट्रॅक्टर, जुनी ट्रॉली : ऊस हंगामापूर्वीची पारख

बीड जिल्ह्यातील ज्या कुटुंबाने ऊसतोडीच्या टोळीबरोबर स्वतःचे वाहन लावायचे ठरवले, त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी बहुधा जुन्या ट्रॅक्टरची असते. बालाघाटाच्या डोंगररांगांतील हलक्या जमिनी आणि बेभरवशाचा पाऊस यांमुळे दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणाऱ्या टोळ्या ही या जिल्ह्याची फार जुनी ओळख आहे, आणि या टोळ्यांपैकी अनेक आता बैलगाडीऐवजी ट्रॅक्टरवर चालतात. टोळीने तोडलेला ऊस फडातून कारखान्याच्या काट्यापर्यंत पोचवणे हे ट्रॅक्टरमालकाचे काम असते. त्यासाठी तो कारखान्याशी वाहतुकीचा करार करतो, त्या करारापोटी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो आणि तीच उचल मुकादमामार्फत मजुरांना वाटतो. म्हणजे ट्रॅक्टर खरेदीसाठी घेतलेले कर्ज, कारखान्याकडून घेतलेली उचल आणि मजुरांकडे गेलेली रक्कम हे तिन्ही बोजे एका यंत्राच्या चालण्यावर टेकलेले असतात. ते यंत्र डिसेंबरात फडाच्या बांधावर बंद पडले तर तोडलेला ऊस वाळत पडतो, टोळी बसून राहते आणि खेपा बुडतात. नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते, त्यामुळे जुन्याकडे वळणे स्वाभाविक आहे आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु जुने यंत्र घेताना काय, कोणत्या क्रमाने आणि का तपासायचे याची माहिती असणे ही त्या कुटुंबाच्या पुढील काही वर्षांच्या स्थैर्याची पहिली अट आहे.

अर्धे कंपनीचे, अर्धे वर्कशॉपचे

ऊसवाहतुकीचे वाहन हे दोन वेगळ्या हातांनी घडलेले असते, ही गोष्ट खरेदीपूर्वी नीट लक्षात घ्यावी लागते. ट्रॅक्टर मोठ्या कंपनीच्या कारखान्यात, ठरलेल्या मापांनुसार तयार होतो. त्यामागे जोडायची ट्रॉली मात्र बहुधा तालुक्याच्या गावातील वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये, पोलादी चॅनेल, आस, पाटे आणि चाके एकत्र आणून बांधली जाते. सुट्या भागांच्या संचातून जोडलेल्या मोटारींची परंपरा ब्रिटनमध्ये जुनी आहे. लोटस कंपनीची १९५७ सालची ‘सेव्हन’ ही छोटी वेगवान मोटार संचाच्या रूपातही विकली जात असे, कारण तयार मोटारीवर लागणारा खरेदी कर तशा सुट्या भागांवर लागत नसे. अशी जुनी मोटार घेणारा तिथला गिऱ्हाईक आधी तिचा सांगाडा कोणी जोडला, इंजिन कोणत्या गाडीचे बसवले आणि कागदांवर तिची नोंद कोणत्या नावाने आहे हे विचारतो, कारण अशा वाहनाचा दर्जा कंपनीच्या नावावरून कळत नाही, जोडणाऱ्याच्या हातावरून कळतो. हेच तत्त्व ट्रॉलीला तंतोतंत लागू पडते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत निदान एक आधार उपलब्ध असतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे आणि तिथे ट्रॅक्टरांच्या नमुन्यांची शक्ती, ओढ, इंधनाचा खर्च, ब्रेक आणि लिफ्ट यांची चाचणी होऊन अहवाल तयार होतात. अशा चाचणीमागे शेतकऱ्याची फसवणूक टाळण्याचा हेतू असतो हे अमेरिकेच्या इतिहासातून दिसते. नेब्रास्का राज्यातील विल्मॉट क्रोझियर या शेतकऱ्याने घेतलेले ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणे चालले नाहीत, तेव्हा विधिमंडळाचा सदस्य या नात्याने त्याने पुढाकार घेतला आणि १९१९ साली त्या राज्यात ट्रॅक्टरच्या सक्तीच्या चाचणीचा कायदा झाला. मात्र चाचणी होते ती नव्या नमुन्याची. पाच-सात हंगाम ऊस ओढलेल्या एखाद्या विशिष्ट ट्रॅक्टरची अवस्था कोणताच छापील अहवाल सांगू शकत नाही, आणि म्हणून ती प्रत्यक्ष पाहूनच ठरवावी लागते.

आधी कागद, मग यंत्र

अनेक खरेदीदार प्रथम इंजिन चालू करून पाहतात, सौदा ठरवतात, इसार देतात आणि त्यानंतर कागदांची विचारणा करतात. वास्तविक हा क्रम उलटा असायला हवा. इंजिनाचा दोष पैसे खर्चून काढता येतो, पण मालकीचा दोष खर्च करूनही निघेलच असे नाही.

नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सर्वत्र आरसी म्हणतात, त्यावर मालकाचे नाव, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, निर्मितीचा महिना व वर्ष, नोंदणीची मुदत आणि कर्जाचा बोजा या नोंदी असतात. जिल्ह्यातील वाहनांचे क्रमांक बीड कार्यालयाचे असतील तर एमएच २३ ने आणि अंबाजोगाई कार्यालयाचे असतील तर एमएच ४४ ने सुरू होतात. शेजारच्या जिल्ह्यातून किंवा दुसऱ्या राज्यातून आणलेला ट्रॅक्टर स्वस्त वाटला तरी त्याच्या नावबदलाला अधिक वेळ लागतो, आणि परराज्यातील वाहनासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. आरसीवरील माहिती केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर आणि एम-परिवहन या मोबाइल ॲपवर पडताळता येते. विक्रेत्याने हातात दिलेली प्रत आणि तिथे दिसणारी नोंद यांत फरक आढळला तर व्यवहार तिथेच थांबवावा. खाजगी वापराच्या वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, त्यामुळे मुदत संपत आलेल्या ट्रॅक्टरच्या किमतीत हा खर्च आणि खटाटोप आधीच धरायला हवा.

कर्जाचा बोजा हा सर्वांत नाजूक मुद्दा आहे. वाहन तारण ठेवून बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कर्ज दिले असेल तर तशी नोंद आरसीवर असते आणि ती उतरवण्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सहीचा नमुना ३५ हा अर्ज लागतो. ‘उरलेले हप्ते तुम्ही भरा’ या बोलीवर ट्रॅक्टर हातोहात दिला-घेतला जातो, तेव्हा संस्थेच्या दप्तरी कर्जदार जुनाच राहतो. नव्या माणसाने हप्ते भरले तरी ट्रॅक्टर त्याच्या नावावर होत नाही, आणि हप्ते थकले तर फायनान्सवाले ट्रॅक्टर ओढून नेतात व भरलेल्या रकमेचा पुरावा शोधत बसण्याची वेळ येते. ट्रॅक्टरचे कर्ज अनेकदा शेतजमिनीच्या तारणावरही दिलेले असते, म्हणून विक्रेत्याच्या सातबारा उताऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात कोणत्या संस्थेचा बोजा आहे हे पाहिल्यास कर्जाचे खरे चित्र स्पष्ट होते. शासकीय अनुदानातून घेतलेल्या ट्रॅक्टरवर ठरावीक मुदतीपर्यंत विक्री न करण्याची अट असू शकते. विशेषतः अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना मिळालेले मिनी ट्रॅक्टर गटाच्या मालकीचे असल्यामुळे एकट्या सदस्याला ते विकण्याचा अधिकार नसतो.

नाव बदलून घेणे हा व्यवहाराचाच भाग आहे, नंतर सवडीने करायचे काम नव्हे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतराची माहिती परिवहन कार्यालयाला कळवायची असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज वापरले जातात. नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर लिहिलेला करार दोघांमधील व्यवहाराचा पुरावा ठरतो, परंतु त्याने परिवहन कार्यालयाच्या नोंदीतील मालक बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक मानला जाईल, मग वाहन प्रत्यक्षात कितीही हातांतून पुढे गेलेले असो. या निर्णयाचा धडा विकणाऱ्यालाही तेवढाच लागू आहे, कारण नाव न बदलता ट्रॅक्टर देऊन टाकणारा मनुष्य दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताची जबाबदारी स्वतःकडे ठेवत असतो.

विम्याची तपासणी ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोहोंसाठी वेगवेगळी करावी. कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे, तिला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो आणि ट्रॅक्टरच्या पॉलिसीत तिचा उल्लेख व हप्ता नसेल तर ती विम्याखाली आहे असे गृहीत धरता येत नाही. मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहनांत मोडतो, त्यामुळे पॉलिसी शेतीकामापुरती काढलेली असताना भाड्याने माल वाहिला तर भरपाईच्या दाव्यात विमा कंपनी हरकत घेऊ शकते; प्रत्यक्ष ज्या कामासाठी वाहन वापरायचे त्याच कामाची नोंदणी आणि त्याच कामाचा विमा असणे हा खरेदीदाराच्या हिताचा एकमेव सुरक्षित मार्ग आहे.

नंबराचा ठसा

कागद नीट असले तरी ते समोर उभ्या असलेल्या यंत्राचेच आहेत याची खात्री वेगळी करावी लागते. इंजिन क्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवर, तर चेसिस क्रमांक ट्रॅक्टरच्या बांधणीप्रमाणे क्लच किंवा गिअरच्या आवरणावर कोरलेला असतो आणि कंपनीच्या पट्टीवरही छापलेला असतो. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने त्या जागेवरील ग्रीस व माती पुसून त्यावर पातळ कागद धरावा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासावी, म्हणजे कोरलेल्या अंकांचा ठसा कागदावर उमटतो. परिवहन कार्यालयातही असाच ठसा मागितला जातो. सर्व अंक एका ओळीत, एका उंचीचे आणि एकाच खोलीचे असावेत. एखादा अंक तिरका बसलेला, आजूबाजूचे लोखंड कानशीने घासून गुळगुळीत झालेले, किंवा सगळ्या ट्रॅक्टरचा रंग उडालेला असताना नेमकी ती जागा ताज्या रंगाने झाकलेली दिसली, तर क्रमांकाशी छेडछाड झाल्याची शंका घ्यायला जागा आहे. इंजिन बदललेले असेल तर तेवढ्यावरून ट्रॅक्टर चोरीचा ठरत नाही, पण तो बदल आरसीवर नोंदलेला असायला हवा. नोंद नसेल तर ती विक्रेत्याने आपल्या नावावर असतानाच करून द्यावी.

इंजिनाची परीक्षा थंड असताना

ट्रॅक्टरचे वय किलोमीटरवर मोजत नाहीत, ते तासांवर मोजतात. मीटरच्या तबकडीवरील तासांचा आकडा जुन्या यांत्रिक मीटरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांवर पुढे सरकतो, म्हणून हळू फिरणाऱ्या इंजिनाचा एक तास मीटरवर पूर्ण तास भरत नाही. मीटर बंद पडणे किंवा बदलणे सर्रास होत असल्याने त्या आकड्याची शहानिशा झिजेवरून करावी. क्लचच्या पेडलची झिजलेली कड, सैल झालेला स्टिअरिंगचा दांडा, ओढणीच्या पिनेची लांबट झालेली भोके यांना खोटे बोलता येत नाही.

इंजिन पाहायला जाताना ते थंड असावे अशी अट आधीच घालावी आणि पोचल्यावर रेडिएटरजवळ हात धरून ते खरोखरच थंड आहे का हे पाहावे, कारण झिजलेले इंजिन तापल्यावर सहज चालू होते, त्याची खरी अडचण सकाळच्या पहिल्या सेल्फला उघड होते. चालू करण्यापूर्वी दोन गोष्टी उघडून बघाव्यात. ऑइलची दांडी ओढल्यावर ऑइल दुधाळ दिसले तर पाणी ऑइलमध्ये उतरत आहे, आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असला तर ऑइल पाण्यात जात आहे. दोन्हींचा अर्थ हेड गॅस्केट, हेड किंवा ब्लॉक यांत बिघाड असा होतो. इंजिन चालू झाल्यावर धुराचा रंग पाहावा. जोर देताना क्षणभर येणारा काळा धूर स्वाभाविक आहे, पण तो सतत येत राहिला तर एअर फिल्टर तुंबला आहे, पंपाचे डिझेल वाढवून ठेवले आहे किंवा इंजेक्टर नीट फवारत नाहीत. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळत आहे, अर्थात पिस्टनच्या रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हच्या मार्गिका झिजल्या आहेत. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला येतो आणि जातो. तो तसाच टिकला तर पाणी किंवा न जळलेले डिझेल बाहेर पडत आहे असे समजावे. यानंतर ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे किंवा ब्रीदरच्या तोंडाशी, म्हणजे इंजिनाच्या पोटातील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीशी, हात धरावा. तेथून धुराचे जोरदार फवारे येत असतील तर जळलेला वायू रिंगांना ओलांडून खाली उतरतो आहे आणि बोअर-पिस्टनचे काम जवळ आले आहे.

५० अश्वशक्तीहून अधिक ताकदीच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे अधिक कडक निकष लागू झाले. त्यानंतरच्या मोठ्या ट्रॅक्टरांत डिझेलची फवारणी संगणकीय नियंत्रणाने होते. त्यांची शक्ती व इंधनाची बचत चांगली असली तरी बिघाड शोधायला त्यासाठीची उपकरणे लागतात, तर जुन्या यांत्रिक पंपाचे ट्रॅक्टर गावोगावचे मिस्त्री दुरुस्त करू शकतात. कारखान्याच्या परिसरात, घरापासून शेकडो किलोमीटर दूर चार-पाच महिने काढणाऱ्या मालकाने या फरकाचा विचार अवश्य करावा.

ओढ, रोध आणि कणा

नांगरट करणारा आणि ऊस ओढणारा ट्रॅक्टर वेगवेगळ्या ठिकाणी झिजतो. नांगरटीत लिफ्टवर आणि टायरांवर ताण येतो. उसाच्या वाहतुकीत तो क्लच, गिअर, ब्रेक आणि मागच्या आसावर येतो, कारण भरलेल्या ट्रॉल्या फडातल्या मऊ मातीतून हलवताना क्लच पुन्हा पुन्हा अर्धवट दाबला जातो. म्हणून रिकाम्या ट्रॅक्टरवर गावातून एक फेरी मारणे ही परीक्षा पुरेशी नाही. भरलेली ट्रॉली जोडून चढावर ट्रॅक्टर चालवावा; इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असे दिसले तर क्लचप्लेट घसरत आहे, आणि ओझ्याखाली गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरच्या दातांची किंवा फोर्कची झीज झाली आहे.

ब्रेकची परीक्षा या सर्वांहून महत्त्वाची आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक असतात, जेणेकरून शेतात एकच चाक रोखून जागेवर वळता यावे; रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिट्टीने जोडून चालवायचे असतात. ती खिट्टी जागेवर आहे का आणि जोडलेले पेडल दाबल्यावर दोन्ही चाके सारखीच धरतात का, हे मोकळ्या मैदानात पाहावे, कारण एकच बाजू आधी धरली तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो. ऊसवाहतुकीच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात किंवा असले तरी जोडलेले नसतात. अशा वेळी संपूर्ण जोडवाहन थांबवण्याचे काम ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर पडते आणि उतारावर मागचे वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलते. धारूरच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना ट्रॅक्टर वाकडा झाला तर मागची ट्रॉली त्याला आडवा लोटते, आणि डिझेल वाचवण्यासाठी गिअर न्यूट्रल करून घाट उतरवण्याच्या सवयीत तर इंजिनाचा रोधही हातचा जातो. ब्रेक कमजोर असलेला ट्रॅक्टर स्वस्त मिळतो आहे या कारणाने घेणे म्हणजे रस्त्यावरील दुसऱ्याच्या जिवावर पैसे वाचवणे होय.

ट्रकला जशी स्वतंत्र चौकट असते तशी बहुतेक शेती ट्रॅक्टरांना नसते. इंजिन, क्लचचे आवरण, गिअरपेटी आणि मागचा आस ही बिडाची अवजड आवरणे एकमेकांना बोल्टांनी जखडून ट्रॅक्टरचा कणा तयार होतो. म्हणून या जोडांची बारकाईने पाहणी करावी. जोडातून तेल पाझरणे, बोल्टांची डोकी नवी-जुनी मिसळलेली असणे किंवा बिडाच्या आवरणावर वेल्डिंगचा जाड पट्टा दिसणे ही उलटलेल्या वा अति ताणलेल्या ट्रॅक्टरची खूण असते, आणि तडा गेलेले बीड लोखंड वेल्डिंगने पूर्ववत मजबूत होत नाही. पुढचा आस मधल्या पिनेवर डोलता राहतो. तो भाग जॅकवर उचलून चाक हलवले असता खडखडाट झाला तर पिन, बुश किंवा किंग पिन झिजल्या आहेत. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर आसाची सील गेली आहे, आणि हे तेल कोरड्या ब्रेकवर उतरले तर ब्रेकही निकामी होतो. मागचे टायर हा जुन्या ट्रॅक्टरमधील मोठा खर्च असल्यामुळे नक्षी किती उरली एवढेच पाहून भागत नाही. बाजूच्या भिंतीवरील तडे आणि आतून लावलेले पॅचही तपासायला हवेत.

ट्रॉली : जिथे सर्वांत कमी पाहिले जाते

ट्रॅक्टर पाहायला चार तास देणारा खरेदीदार त्याच्यासोबत मिळणाऱ्या ट्रॉलीकडे चार मिनिटेही देत नाही, आणि अपघाताची कारणे मात्र अनेकदा तिथेच दडलेली असतात. पहिली गोष्ट म्हणजे ट्रॉलीचे स्वतःचे कागद. तिचा नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक, रिकामे व भरलेले वजन हे आरसीवर असते. वर्कशॉपमध्ये नंतर लांबी वाढवली असेल, फाळके उंच केले असतील तर ती नोंदलेल्या ट्रॉलीहून वेगळी झालेली असते.

त्यानंतर ट्रॉली रिकामी करून तिच्याखाली उतरावे. ट्रॅक्टरला जोडणारा दांडा चौकटीला जिथे मिळतो तो भाग सर्वांत जास्त ताण सोसतो, कारण प्रत्येक हिसका, प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक ब्रेक तिथूनच जातो. त्या जागी तारेच्या ब्रशने गंज व माती खरवडली म्हणजे वेल्डिंगच्या कडेने केसासारखा बारीक तडा गेला आहे का ते दिसते. तड्यावर चिकटवलेली पट्टी दिसली तर ती का लावली हे विचारलेच पाहिजे. हूकमध्ये अडकणारी कडी किती झिजली आहे ते कॅलिपरने, निदान नव्या कडीशी तुलना करून, मोजावे. चारचाकी ट्रॉलीत पुढचा आस ज्या गोल पट्ट्यावर फिरतो त्या टर्नटेबलला ग्रीस मिळालेले असावे आणि त्यात उभी हालचाल नसावी. प्रत्येक चाक उचलून हलवल्यास हबच्या बेअरिंगचा ढिलेपणा कळतो, पाट्यांच्या जुडग्यात एखादे पान मोडलेले असल्यास ट्रॉली एका बाजूला कललेली दिसते, आणि आस वाकलेला असल्यास टायर एकाच कडेने झिजतो. उसाचा रस गोड असला तरी आम्लधर्मी असतो. तो तळपत्र्याच्या सांध्यांत मुरून चिखलासह साचतो आणि आतून गंज धरतो, म्हणून तळ हातोडीने ठोकून पाहावा, घट्ट पत्र्याचा आणि कुजलेल्या पत्र्याचा नाद वेगळा येतो.

रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी राहिलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही, कारण बाहेर लोंबणाऱ्या उसाने दिवे झाकले जातात. मागचे लाल दिवे, इंडिकेटर आणि परावर्तक पट्ट्या, म्हणजे समोरच्या प्रकाशात चमकणाऱ्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, बसवायला लागणारा खर्च संपूर्ण व्यवहारात नगण्य असतो. जुन्या ट्रॉलीला ते नसतील तर पहिल्या खेपेपूर्वी ते उसाने झाकले जाणार नाहीत अशा जागी बसवून घ्यावेत.

याच ट्रॉलीत हंगामाच्या सुरुवातीला टोळीचा सगळा संसार भरला जातो आणि त्यावर माणसे, बायका व लहान मुले बसून शेकडो किलोमीटरचा प्रवास करतात. ट्रॉली मालासाठी नोंदलेली असते, तिच्यात बसलेल्या माणसांना विम्याचे संरक्षण आहे असे मानता येत नाही आणि हिसक्याने कडी तुटली तर सर्वांत मोठी किंमत त्यांनाच मोजावी लागते. माणसांना वेगळ्या प्रवासी वाहनाने न्यावे हा खरा उपाय आहे. तो होत नाही तोपर्यंत ट्रॉलीच्या कडीची झीज ही मालकाच्या नफ्यातोट्याची बाब राहत नाही, ती कोयता चालवणाऱ्या माणसाच्या जिवाची बाब होते.

वेळ आणि किंमत

खरेदीची वेळ किमतीएवढीच महत्त्वाची आहे. भाद्रपद-आश्विनात, म्हणजे टोळ्या निघण्याच्या तोंडावर, मागणी एकदम वाढते, विक्रेत्याची बाजू वरचढ होते आणि घाईत तपासणी राहून जाते; याउलट चैत्र-वैशाखात हंगाम संपल्यावर वाहने मोकळी होतात, ज्यांना ती पुढे चालवायची नसतात ते विकायला काढतात, आणि खरेदीदाराला दुरुस्ती व नावबदलासाठी पावसाळ्याचे महिने मिळतात. हंगाम संपताच पाहिलेल्या ट्रॅक्टरवर त्या हंगामाची झीजही उघडी दिसते, तर नंतर रंग मारून, धुऊन-पुसून उभा केलेला ट्रॅक्टर बरेच काही लपवतो.

सांगितलेली किंमत ही खरी किंमत नसते. तीत लगेच घालावे लागणारे टायर, क्लचप्लेट, बॅटरी, पंपाचे काम, ट्रॉलीची दुरुस्ती, विमा आणि नावबदलाचा खर्च मिळवून जी बेरीज येते तिची तुलना दुसऱ्या ट्रॅक्टरशी करावी. तपासणीसाठी विक्रेत्याच्या किंवा एजंटाच्या ओळखीचा मिस्त्री नेऊ नये, आपला मिस्त्री न्यावा आणि त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी, म्हणजे व्यवहार झाला काय आणि फिसकटला काय, त्याला खरे बोलायला अडचण राहत नाही. इसार देताना पावतीवर ट्रॅक्टर व ट्रॉलीचे स्वतंत्र क्रमांक, ठरलेली किंमत, कर्जाचा बोजा कोण व कधीपर्यंत उतरवणार आणि तो न उतरल्यास इसार परत मिळेल ही अट लिहून घ्यावी, आणि उरलेली रक्कम रोख न देता बँकेतून द्यावी.

वैयक्तिक दक्षतेलाही मर्यादा असतात, कारण उचलीच्या तारखा, कर्जाचे हप्ते आणि हंगामाची घाई यांनी बांधलेल्या माणसाला तपासणीसाठी सवड आणि धैर्य दोन्ही कमी पडते. साखर कारखाने वाहतुकीचा करार करताना प्रत्येक वाहनाचे कागद मागतात. त्याच वेळी ट्रॉलीचा दांडा, कडी, ब्रेक आणि दिवे यांची प्रत्यक्ष तपासणी झाली, आणि परिवहन कार्यालयांनी तालुक्याच्या ठिकाणी हंगामापूर्वी शिबिरे भरवून नावबदल व विम्याच्या त्रुटी दूर केल्या, तर सदोष ट्रॉली फडापर्यंत पोचणारच नाही. कारखान्याला ऊस वेळेवर मिळणे, मालकाचे कर्ज फिटणे आणि मजूर कुटुंब सुखरूप गावी परतणे या तिन्ही गोष्टी त्याच लोखंडी कडीत अडकलेल्या आहेत, म्हणून तिच्या तपासणीची जबाबदारीही एकट्या खरेदीदारावर टाकणे न्याय्य नाही. ती करार करणाऱ्या प्रत्येकाने वाटून घेतली पाहिजे.